बाळ रोडकं, तरी चरबी कायम

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ढेरपोट्या शहरी माणूस येतो. पुण्याजवळच्या सहा गावांनी हा समज मोडला. १९९३मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठासोबत तिथल्या बायाबापड्यांच्या गरोदरपणाचा अभ्यास सुरू केला. बाळ जन्मलं की वजन व्हायचंच, शिवाय खवाट्याखालची कातडी चिमट्याच्या मापकात धरून जाडीही मोजायची. इथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय काडीसारखे, पण त्या मानाने कातडीखालची चरबी फारशी कमी नाही! पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की गरोदरपणी आईच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर आणि बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असेल, तर मुलाच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, म्हणजे मधुमेहाची वाट मोकळी होते.

आमच्या आटगाव, शहापूर, मुरबाडकडे पावसाळ्यात टाकळा, कुरडू या पालेभाज्या घरोघरी शिजतात. पालेभाजी खाणाऱ्या आयांची बाळं जास्त भरलेली, हेही पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं. पण पाल्यात फोलेट असतं, बी-१२ नसतं. ते दूध, अंडी, सुकट, चिंबोरीत असतं. म्हणून भाजीत मूठभर सुकट टाकणारी कातकरी आजी मला फार मोलाची वाटते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावांनी या डॉक्टरांची साथ सोडली नाही. अभ्यासातल्या त्याच मुलांना किशोरवयात बी-१२ देऊन पुढच्या पिढीची बाळं तपासण्याचा प्रयोग २०१२मध्ये सुरू झाला.