थंडीतील हरिश्चंद्रगड

पौष-माघाच्या थंडीत समूहाने एका दिवसात चढून उतरावा असा सह्याद्रीतील गड कोणता, असे कोणी विचारल्यास मी निःसंकोचपणे हरिश्चंद्रगडाचे नाव घेईन. अकोले तालुक्यातील पाचनई गावातून निघणारी वाट त्यातल्या त्यात सुगम आहे. मात्र रात्रीची थंड, जड हवा दरीत साचून राहत असल्यामुळे पहाटे पायथा पुष्कळदा माथ्याहूनही गारठलेला असतो, म्हणून प्रारंभी चढविलेले लोकरी कपडे घाम येण्यापूर्वीच एकेक उतरवावेत, कारण ओला सदरा माथ्यावरील वाऱ्यात देहाची ऊब झपाट्याने हरण करतो. तहान जाणवत नाही या सबबीवर पाणी पिण्यात हयगय करू नये.

हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव पाषाणमंदिर सुंदर आहेच; परंतु माझे मन अधिक रमते ते शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत, जेथे चार स्तंभांपैकी एकच अखंड उरला असून त्यांच्या मधोमध, कमरेइतक्या हिमशीतल जलात, भव्य शिवलिंग उभे आहे. पुढे पश्चिमेस कोकणकड्याची अर्धवर्तुळाकार, आत वळलेली प्रचंड भिंत. निरभ्र हवेत येथून कोकणाचा विस्तार दूरवर दिसतो. कड्याच्या काठाशी कोणासही, विशेषतः उत्साही तरुणांना, उभे राहू देऊ नये.

जानेवारीत साडेसहाच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा तेथील सूर्यास्ताचा मोह आवरून, सर्वांत मंद चालणाऱ्यास पुढे आणि वाटेच्या माहितगारास शेवटी ठेवून, दुपारी तीनपूर्वी उतरणीस लागावे.