जेल चोळण्याआधी

वेदनाशामक जेलची ट्यूब मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून घरात ती टूथपेस्टसारखी सगळ्यांची होऊन बसते. आजोबांचा गुडघा, सुनेची मान, नातवाचा मुरगळलेला घोटा, सगळ्यांवर उपाय एकच. तिच्यात बहुधा डायक्लोफेनॅक असतं, म्हणजे गोळीत असतं तेच औषध.

‘लावताच थंड वाटलं, म्हणजे गुण आला.’

तो थंडावा मेन्थॉलचा. आपल्याकडच्या बऱ्याच जेलमध्ये मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट घातलेलं असतं, आणि उग्र वासही त्यांचाच. डायक्लोफेनॅक सूज आणि वेदना वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं, पण त्याला त्वचेतून आत झिरपायला वेळ लागतो. गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यात फरक कळायला आठवडाही जातो. तेवढा धीर नसलेले लोक दुसऱ्याच दिवशी ट्यूब बदलतात, नाहीतर तासातासाला लावत सुटतात.

‘जोरात चोळा, वरून शेका, घट्ट बांधा, लवकर मुरतं.’

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. ताज्या मुरगळीवर जोर लावला तर दुखावलेला भाग आणखी दुखावतो. जेलवर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा क्रेप बँडेज करकचून बांधलं, तर औषध हवं त्यापेक्षा जास्त शोषलं जातं आणि कातडी पोळते. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांमुळे क्वचित त्वचा गंभीर भाजते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्येच दिला होता. कोरड्या, अखंड त्वचेवर पातळ थर हलक्या हाताने पसरावा, दिवसातून तीन-चार वेळा, एवढंच. जखम किंवा पुरळ असेल तिथे मुळीच नाही. नंतर हात धुवावेत (दुखणं हाताचंच नसेल तर), आणि तासभर अंघोळ टाळावी. शेकायचंच असेल तर ते वेगळ्या वेळी.

‘पोटात जात नाही, मग अपाय कसला?’

गोळीच्या तुलनेत जेलमधून रक्तात पोहोचणारं औषध सुमारे ६ टक्केच असतं. म्हणून गुडघा किंवा हाताच्या सांध्यांसाठी आधी जेल वापरणं शहाणपणाचंच आहे. पण ६ टक्के म्हणजे शून्य नव्हे. ॲस्पिरिनने दमा उसळणारे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात अल्सर असलेले आणि गर्भवती यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्यूब उघडू नये. (गुरांना दिलेल्या याच डायक्लोफेनॅकने त्या मेलेल्या गुरांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली, म्हणून २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणूस इतका नाजूक नाही, पण औषधाची ताकद यातून कळते.) जेलसोबत वेदनाशामक गोळ्याही चालू असतील तर दोन्हींची मात्रा एकत्र मोजली पाहिजे. चौदा वर्षांखालच्या मुलांना हे जेल आपल्या मनाने लावू नये.

‘कुठलंही दुखणं असो, जेल लावून बघू.’

खुब्याचा सांधा इतका खोल असतो की तिथवर औषध फारसं पोहोचत नाही. आठवडाभरात मुका मार किंवा मुरगळ कमी झाली नाही, सांधा लालभडक होऊन ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर डॉक्टरकडे जा. पोटरी तर चोळूच नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. आणि छाती, डावा खांदा किंवा जबडा दुखत असेल, सोबत घाम फुटला असेल, तर ट्यूब शोधत बसू नका; १०८ ला फोन करा.