शिंगाडा : उपवासाच्या पिठामागचे पाण्यातले पीक

शिंगाडा हे तळ्याच्या संथ पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचे फळ. देठात हवा भरलेली असल्याने तिची पाने पाण्यावर चक्राकार पसरून राहतात. पांढरे फूल पाण्याबाहेर उमलते. फळ धरले की देठ खाली वाकतो आणि फळ पाण्याखालीच पोसते. त्याला दोन बाजूंना दोन शिंगे आणि आत एकच पिठूळ बी. खायचे ते हे बी.

छत्रपती संभाजीनगरच्या किराणा दुकानात शिंगाडा बहुधा पिठाच्या रूपातच भेटतो. श्रावण, नवरात्र, एकादशी आणि वेरूळच्या घृष्णेश्वराला रीघ लागते ती महाशिवरात्र, या दिवसांत भगर-साबुदाण्याशेजारी त्याच्या पुड्या लागतात. पीक पाहायचे तर मात्र पूर्व विदर्भ गाठावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या जुन्या मालगुजारी तलावांत ढिवर समाज मासेमारीच्या जोडीने शिंगाडा घेत आला आहे. पावसाळ्यात लावणी होते. पाण्यात उतरून वेलीचे टोक पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबायचे, अशी ही शेती. दसरा-दिवाळीपासून तोडणी सुरू होते आणि ती फेऱ्याफेऱ्यांनी चालते, कारण जून झालेले फळ गळून तळाशी जाते. ताजी फळे कच्ची किंवा उकडून विकली जातात. उरलेली वाळवून, सोलून दळतात.

धान्य नव्हे, फळ, म्हणून शिंगाडा उपवासाला चालतो. पण त्याला हलका समजणे ही गैरसमजूत आहे. ताज्या शिंगाड्यात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅमला साधारण ११५ कॅलरी मिळतात. वाळवल्यावर हाच आकडा ३३० च्या घरात, म्हणजे जवळपास गव्हाच्या पिठाइतका जातो. वाळलेल्या बियांत प्रथिने १३ टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे साबुदाण्यापेक्षा कितीतरी जास्त. ग्लुटेन नसल्याने गहू न सोसणाऱ्यांना हे पीठ बारा महिने उपयोगी आहे, तरी ते फराळापुरतेच अडकून पडले आहे. ग्लुटेन नाही म्हणूनच नुसत्या पिठाची पुरी लाटताना फाटते. त्यात उकडलेला बटाटा कुस्करून घालतात. शिऱ्यासाठी पीठ मंद आचेवर तुपात खमंग भाजावे लागते. घाई केली की शिरा कच्चट आणि चिकट होतो.

आयुर्वेदात शिंगाडा ‘शृंगाटक’ नावाने येतो. भावप्रकाश या ग्रंथाने त्याला गोड-तुरट, थंड, मल बांधणारा, दाह व रक्तपित्त शमवणारा म्हटले आहे. तो पचायला जड असल्याचेही तिथेच सांगितले आहे. गर्भवतीला आणि बाळंतिणीला शिंगाड्याची खीर किंवा लाडू देण्याची रीत आहे. पोट साफ होत नसेल त्याने मात्र बेताने खावा. मधुमेहींनी तर उपवासाच्या नावाखाली पुऱ्या आणि शिरा दोन्ही वाढून घेऊ नयेत. यात मुख्यतः पिष्टच असते.

कच्चा शिंगाडा दातांनी सोलून खाण्याची सवय वाईट. सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यांत आतड्यातल्या एका चपट्या कृमीची कोशात बंद झालेली अळी पाणवनस्पतींच्या सालीवर चिकटून असू शकते. उकडल्याने ती मरते. पिठाचा शत्रू म्हणजे ओल. दमट पिठाला बुरशी लवकर धरते, म्हणून गेल्या सणाची उरलेली पुडी न वापरता थोडे, ताजे पीठ आणावे. कुबट वास किंवा कडवट चव आली तर ते फेकून द्यावे.