वाडा उतरवताना

मुकादम पहिल्या दिवशी आला तो हातात फक्त एक हातोडी घेऊन. बाकीची हत्यारं टेम्पोत होती आणि टेम्पो नाशकातल्या दहीपुलाच्या अलीकडेच अडकला होता. जानेवारी २०२१. सकाळचे नऊ वाजले तरी आमच्या गल्लीत ऊन पोचलं नव्हतं. मास्क हनुवटीवर ओढून तो समोरच्या वाड्याच्या ओसरीवर चढला आणि एकेक खांब खालपासून वरपर्यंत वाजवत निघाला, कलिंगड घेताना वाजवून बघतात तसा. आवाज भरीव आला की खडूने फुली. पोकळ आला की पुढचा खांब. सोळा खांबांत अकरा फुल्या पडल्या.

"बाकीचे?" मी विचारलं.

"वाळवीनं खाल्ले, काका. बाहेरून सागवान, आतून भुसा."

"मग कधी पाडणार?"

"पाडत नाय, उतरवतो. पाडायला जेसीबी लागतो. तो तुमच्या गल्लीत शिरतो कुठं?"

ते खरंच होतं. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन स्कूटर आल्या की एकाला पाय टेकून मागं सरावं लागतं. म्हणून जुन्या नाशकातला वाडा जातो तो हातानं, वरून खाली, जसा चढला होता त्याच्या उलट क्रमानं. मी समोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरून काम चालू होतं, खिडकीत टेबल होतं. अडीच-तीन महिने लॅपटॉपच्या पडद्यावर एक काम आणि पडद्याच्या वरच्या कडेला दुसरं. सांगायला हरकत नाही की आमची इमारतही १९८० च्या सुमाराला एका वाड्याच्याच जागेवर उभी राहिली. त्यामुळे वाड्यांसाठी गळा काढण्याचा मला फारसा हक्क नाही.

वाड्यात सात बिऱ्हाडं होती. मालक मुंबईला, भाडं महिना चाळीस-पन्नास रुपये, म्हणजे दुरुस्तीला मालक पैसे घालेना आणि भाडेकरू जागा सोडेना. जुन्या नाशकातल्या बहुतेक वाड्यांची हीच गोष्ट आहे. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस यायची, कलम २६४ ची, आणि दिंडी दरवाजावर चिकटायची. पाऊस संपला की कागद आपोआप गळून पडायचा. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. नोटिसांनी वाडा हलला नाही, भिंतीला फुगवटा आला तरी हलला नाही. हलला तो संडासामुळे.

जून २०२० मध्ये वाड्यातले एक काका पॉझिटिव्ह निघाले. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले, प्रतिबंधित क्षेत्राचा फलक लागला. घरात राहून उपचार घ्यायचे तर रुग्णाला वेगळी खोली हवी आणि वेगळं संडास-बाथरूम हवं, असा नियम. वाड्यात तर दोन खणांत पाच माणसं राहायची, मोरी स्वयंपाकाच्या ओट्याला लागून, आणि संडास मागच्या परसात, सात बिऱ्हाडांत मिळून दोन. काकांना पालिकेच्या केंद्रात नेलं. मागं राहिलेले सगळे चौदा दिवस त्याच दोन दारांसमोर, एकमेकांपासून लांब उभं राहण्याचा प्रयत्न करत. चौकात सहा फुटांचं अंतर ठेवून सात घरांची रांग लावायची म्हटली तर शेवटचा माणूस गल्लीत येतो. मी खिडकीतून मोजलं होतं.

वाड्यांवर लेख लिहिणारे, कॅमेरे घेऊन रविवारी फेरी काढणारे पुष्कळ आहेत. चौकाचं ऊन, तुळशीवृंदावन, कोरीव हस्त, सगळ्यांचे फोटो निघतात. त्या रांगेचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही. वाड्यातल्या धाकट्या सुनेनं मला तेव्हा गॅलरीतून ओरडून सांगितलेलं वाक्य लक्षात आहे: "भाऊ, मला काही नको, फक्त दाराला आतून माझी एकटीची कडी पाहिजे."

ती कडी तिला मिळाली, पाथर्डी फाट्याला. सप्टेंबर २०२० पासून सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं. पगार कापले गेलेल्या त्या दिवसांत लोक घरं कशी घेत होते याचं मला नवल वाटायचं, पण दस्त नोंदवायला रांगा लागत होत्या. वाड्यातली तीन कुटुंबं त्या चार महिन्यांत म्हसरूळ, पाथर्डी फाटा आणि आडगावकडे गेली. दोघांनी मालकाकडून पैसे घेऊन जागा सोडली. उरलेल्या दोघांनी नव्या इमारतीत तेवढीच जागा मिळण्याचा करार केला. त्याच डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली आणि गावठाणातल्या मालकांच्या हातात पुन्हा कॅल्क्युलेटर आले. एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि आमचा रस्ता म्हणजे वर सांगितला तो. तरी मालकाच्या आर्किटेक्टनं काहीतरी बसवलं असावं, कारण जानेवारीत हातोडी आली.

टोळीत नऊ जण होते. बहुतेक पेठ-सुरगाण्याकडचे, आपसात कोकणा बोलत. शहरातल्या स्लॅबवर काम करणारे उत्तरेकडचे मजूर आदल्या उन्हाळ्यात गेले होते. १ मे २०२० ला नाशिकरोडहून भोपाळची श्रमिक गाडी सुटली आणि पाठोपाठ लखनौची. त्याआधी आग्रा रोडनं चालत निघालेले आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते. हे नऊ जण गावाला गेले ते भात लावून, कापून परत आले. मुकादम म्हणाला, बांधणारा लांबून आला तरी चालतो, उतरवणारा जवळचा लागतो, कारण त्याला लाकूड कळावं लागतं. खरं-खोटं त्याला ठाऊक.

पहिले चार दिवस कौलं. मंगळुरी कौल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातातून शिडीवरच्या तिसऱ्याच्या, असं खाली चौकात. बोलणं नाही, फक्त शंभर झाली की वरून हाक आणि खाली वहीत एक रेघ. फुटकी वेगळी. मग रिपा, वासे, आणि शेवटी आढं. छप्पर गेल्यावर वाडा एकदम ठेंगणा दिसायला लागला.

खरी धूळ पुढं होती. वाड्याचा वरचा मजला कडीपाटाचा असतो: तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर अर्धा-पाऊण फूट मातीचा भराव, वर शेणाचं सारवण. शंभर-सव्वाशे वर्षांच्या सारवणाचे थर फावड्याला पापुद्र्यासारखे लागत होते. ती माती खाली लोटायला लागले तेव्हा आख्खी गल्ली पिवळी झाली. कोरोनासाठी दोन आठवडे हनुवटीवर राहिलेले मास्क त्या दिवशी प्रथमच नाकावर गेले.

गल्लीची अपेक्षा होती की कोनाड्यात हंडा निघेल. रोज संध्याकाळी दोन-तीन जण सहज म्हणून डोकावून जायचे. निघालं ते असं: टिंक्चर आयोडिनची रिकामी बाटली, सुतळीत बांधलेली लाइट बिलं, एक लाकडी पाटी आणि रॉकेलचं रेशन कार्ड. ते रेशन कार्ड घ्यायला म्हसरूळहून माणूस आला. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही.

तुळई उतरवायचं काम मी मीटिंगचा आवाज बंद करून बघितलं. चौदा फुटांची, दोन्ही टोकं भिंतीत गेलेली. आधी भिंतीची वीट एकेक करून मोकळी केली. मातीतली जुडाई, पहारीनं नुसतं हलवलं तरी वीट सुटते. मग दोन दोर, एक कप्पी, आणि मुकादम खाली मध्यावर, वर बघत. तुळई आणि खांब यांच्यामध्ये खिळा नव्हता. खांबाच्या डोक्यावर कुसू, तुळईला खाच, फटीत लाकडाचीच पाचर. त्यानं पाचरीवर उलट्या बाजूनं दोन घाव घातले आणि ती सुटून खाली पडली, सहज, काल ठोकल्यासारखी. "सोड... सोड... हां, डावी थांब." तुळई चौकात टेकली तेव्हा सगळ्यांत आधी एका पोरानं तिच्यावर बसून विडी काढली. मुकादमानं टेप लावला, घनफूट काढलं, वहीत लिहिलं.

वाड्याचं सगळं विकलं जातं आणि प्रत्येक गोष्टीचं माप वेगळं. सागवान घनफुटानं. कोरीव हस्त आणि दाराच्या चौकटी नगावर. त्र्यंबक रोडकडे आणि गंगापूर धरणाच्या बाजूला जी रिसॉर्टं आणि फार्महाऊसं झाली आहेत त्यांना 'जुनं' लागतं, म्हणजे आमच्या गल्लीत धोकादायक असलेलं तिथं शोभेचं होतं. कड्या-कोयंडे किलोवर भंगारात. जोत्याचे घडीव काळे दगड नगावर. आतल्या भिंतीतले कच्चे भेंडे कुणी घेत नाही, पण त्यांची पांढरी माती मखमलाबादच्या एका मळेवाल्यानं ट्रॉली लावून नेली. द्राक्षाच्या नव्या बागेत टाकणार होता. दिंडी दरवाजा शेवटपर्यंत गेला नव्हता. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, तिघांनाही तो आपल्या गेटच्या मानानं बुटका वाटला.

खांब निघाले तेव्हा खाली तळखडे उघडे पडले. दगडी उशीवर खांब नुसता टेकलेला, सगळा भार वरून. ओसरीच्या भिंतीवर, खांबांच्या आड इतके दिवस न दिसलेल्या, कोळशाच्या आडव्या रेघा होत्या. ६९. त्याच्या खाली २००८. खाली २०१६ आणि २०१९ जवळजवळ. सरस्वती नाला दहीपुलाखालून सराफ बाजाराकडे जातो. गोदेला पूर आला की हा नाला पुढं जायचा सोडून मागं येतो, आणि आमच्याकडे पाणी नदीतून नाही, गटारातून चढतं. गावाला पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कळतो, वाड्याला तो या भिंतीवर कळायचा. मी फोटो काढायला खाली उतरेपर्यंत भिंतीचा वरचा भाग गेला होता, ६९ सकट.

मार्च संपता संपता दुसरी लाट आली आणि बाजारपेठेत शिरायला तिकीट लागलं. एका तासाचे पाच रुपये, तासाहून जास्त रेंगाळलं तर पाचशे रुपये दंड. मेन रोडच्या तोंडाशी बांबू, टेबल, पावती पुस्तक. देशभर त्याची बातमी झाली, आम्हाला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मुकादमाचा हिशेब सरळ होता: "दगडाचा टेम्पो भरायला दीड तास लागतो." तो मग सकाळी सहाला यायला लागला, टेबल लागायच्या आधी. पण थोड्याच दिवसांत कडक निर्बंध आले, पोरं गावाला निघाली. पुढचा पंधरवडा आम्ही कुणीच खिडकीतून मजुरी बघण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. २१ एप्रिलला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली, ते आमच्यापासून फार लांब नाही. दुपारभर सायरनचा आवाज येत होता.

काम परत सुरू झालं ते जूनमध्ये. तोवर पहिला पाऊस पडला होता आणि उरलेल्या भेंड्याच्या भिंती स्वतःच बसल्या होत्या, मातीचे ढीग होऊन. पुढं गावठाणातले रस्ते आणि गटारं नव्यानं करायचं स्मार्ट सिटीचं काम याच भागात चालू झालं, गल्लीच खणली गेली, त्यामुळे इथं नक्की काय पाडलंय आणि काय बांधायचंय हे नव्या माणसाला सांगता येऊ नये अशी अवस्था होती. ८ जुलैला सिटीलिंकच्या नव्या बसगाड्या सुरू झाल्या. पाथर्डी फाट्याची धाकटी सून बसनं आली, खणलेल्या गल्लीतून कडेकडेनं, सासूबाईंना घेऊन. सासूबाईंनी मोकळ्या जागेकडे पाहिलं, आमच्याकडे चहा घेतला आणि फ्लॅटमध्ये गुडघे दुखतात, लिफ्ट बंद असते, एवढंच सांगितलं.

प्लॉट जवळजवळ साफ झाला होता. परसातले दोन संडास तेवढे उभे. ते विकत कोण घेणार, आणि शिवाय टोळीला स्वतःलाच लागत होते, म्हणून मुकादमानं ते शेवटच्या दिवसासाठी ठेवले होते. त्या सकाळी मी खाली गेलो. पत्र्याचं दार बिजागरीसकट काढून त्यानं भिंतीला टेकवलं होतं. दारावर आतून काळ्या मार्करनं वेळापत्रक लिहिलेलं होतं, जून २०२० चं. सात आडनावं, प्रत्येकापुढं वीस मिनिटं, पहिलं सव्वापाचला. एका आडनावावर काट मारून पुढं लिहिलेलं, 'केंद्रात आहेत, यांची वेळ पाटील वापरतील.' तळाशी ठळक, खाली दोन रेघा: 'बाटलीतलं औषध कडीला मारणे.'

मुकादमानं ते अक्षर लावत वाचलं, सगळं.

"हे कोणी घेतलं का?" मी विचारलं.

"भंगारात. सात किलो भरंल," तो म्हणाला, आणि दार उचलून टेम्पोत टाकलं.