वरातीतला ताल आणि तोंडातला शब्द

जळगाव जामोदहून आम्ही बोलतो आहोत.

गेल्या लगीनसराईत आमच्या गटातल्या सातआठ जणी एका लग्नाला गेलो होतो. पुऱ्या लाटता लाटता एक बाई नवरीबद्दल बोलून गेली, "पोरगी शिकेल हाये, पण हबशिनीवानी काळी हाये वं माय." नवरीची धाकटी बहीण पाण्याचा जग घेऊन मागेच उभी होती. तिने ऐकलं, जग खाली ठेवला आणि निघून गेली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. तेवढ्यात नवरदेवाची वरात आली, बँडवाल्यांनी 'शोला जो भडके' धरलं आणि आम्हीही नाचलो.

घरी आल्यावर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. म्हणून आम्ही वाचायला, विचारायला लागलो. तेव्हा कळलं, की तो शब्द आणि ते गाणं, दोघांचीही नाळ आफ्रिकेला जाऊन मिळते.

आधी शब्द. पूर्व आफ्रिकेतल्या इथिओपिया देशाला अरबी लोक हबश म्हणत. तिथला माणूस तो हबशी, जसा वऱ्हाडातला तो वऱ्हाडी. मुळात त्यात शिवी काहीच नाही.

सुमारे १५४८ मध्ये त्या देशात एक मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात जात तो अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. इथला मालक मेल्यावर तो मोकळा झाला आणि त्याने स्वतःची फौज उभी केली. हाच मलिक अंबर. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तरी याने पुढची पंचवीस वर्षं निजामशाही टिकवून धरली. गादीवर सुलतान असायचा, पण कारभार अंबरचा. १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नहर बांधून त्याने पाणी खेळवलं. शेतसाऱ्याची घडी बसवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

आणि आपल्या जिल्ह्यातलं सिंदखेड राजा? तिथले लखुजी जाधव, म्हणजे जिजाऊंचे वडील, निजामशाहीचेच मातब्बर सरदार होते. पुढे ते मोगलांकडे गेले, ती गोष्ट वेगळी. पण जिजाऊंच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे या हबशी वजिराचं नाव चांगलंच ओळखीचं असणार. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. वेरूळला जाल तेव्हा जवळच आहे, जरूर बघा.

आता गाणं. आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाकडून, पश्चिम किनाऱ्यावरून, लाखो माणसं जहाजांत कोंबून अमेरिकेला नेली गेली. शेकडो वर्षं हा व्यापार चालला. पुढे तिथे त्यांना कपाशीच्या शेतांत राबवलं. कापूस वेचताना कंबरेचं काय होतं, बोंडाच्या टोकाने बोटं कशी फाटतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. फरक एवढाच, की त्यांना मजुरी नव्हती आणि लेकरूसुद्धा त्यांचं नव्हतं. मालक ते विकू शकत होता.

ढोलाची मालकांना भीती वाटे, कारण ढोलावरून निरोप जातात. गुलामांनी बंड केल्यावर साउथ कॅरोलिना प्रांतात १७४० मध्ये कायदाच झाला, की गुलामांनी ढोल वाजवायचा नाही. मग त्यांनी टाळीवर आणि पायांवर ताल धरला. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आपल्या भजनात उचलतात तशी. १८६५ मध्ये गुलामी संपली. पुढे १९०० च्या आसपास न्यू ऑर्लीन्स शहरात या गाण्यांतून आणि बँडच्या पितळी वाद्यांतून एक नवं संगीत तयार झालं. त्याला जॅझ म्हणतात.

ते आपल्याकडे कसं आलं? १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. त्यांच्या स्वतःच्या देशात, विशेषतः दक्षिणेकडे, गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना पाहुणा म्हणून खोली मिळत नसे. गोव्याचे वादक चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले होते. त्यांनी हा ताल उचलला. त्यातलेच एक ट्रम्पेटवादक म्हणजे चिक चॉकलेट. पुढे त्यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलं. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. १९५१ मध्ये भगवानदादांचा 'अलबेला' आला आणि त्यातली गाणी गावोगावच्या बँडवाल्यांनी पाठ केली. कपाशीच्या शेतातून निघालेला ताल असा आपल्या मांडवापर्यंत आला.

हे संगीत आफ्रिकेतही परत गेलं. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या माणसाने कुठे राहायचं, कुठे फिरायचं, सगळं कायद्याने ठरलेलं. पुरुषांना खिशात पास ठेवावा लागे. नसला की अटक. हाच पास बायकांवरही लादायचं ठरलं, तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरिया शहरात सरकारी कचेरीवर गेल्या. पाठीवर लेकरं, हातात सह्यांची निवेदनं. पुढे लिलियन न्गोयी होत्या. त्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायच्या. त्यांच्याबरोबर भारतीय वंशाच्या रहीमा मूसाही होत्या. पंतप्रधान भेटले नाहीत. बायकांनी निवेदनं दारात ठेवली, अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या आणि मग एका आवाजात गाणं म्हटलं.

पास लगेच रद्द झाला नाही. त्याला १९८६ उजाडलं. पण आज तिथे ९ ऑगस्ट हा महिला दिन आहे. आपल्याकडे त्याच तारखेला क्रांती दिन असतो.

तिथल्याच मिरियम मकेबा जॅझ गायच्या. १९६० मध्ये त्या अमेरिकेत असताना त्यांची आई वारली. मातीला जायला निघाल्या, तर सरकारने पासपोर्टच रद्द केला. १९६३ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे आपल्या देशातला अन्याय सांगितला. मग त्यांच्या रेकॉर्डवर देशात बंदी आली. त्यांना घरी परतायला १९९० साल उजाडलं, त्याच वर्षी नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

मैत्रिणींनो, ज्यांना बोलायची बंदी होती ती माणसं आधी गायली. गाता गाता एकत्र आली, आणि एकत्र आल्यावर बोलली. आपल्या आज्या जात्यावर मन मोकळं करायच्या. आपण बैठकीची सुरुवात गाण्याने करतो आणि मग हिशेबाला बसतो. ही वाट आपल्याही ओळखीची आहे.

पण त्या मांडवात आम्ही गप्प राहिलो, तो गप्पपणा काही लढ्याचा नव्हता. त्यांच्या तालावर नाचायचं आणि त्यांच्याच नावाने पोरीला हिणवायचं, हे आमचं आम्हालाच पटेना. म्हणून आम्ही त्या धाकटीला भेटायला गेलो. ती दहावीत आहे. चुकलं म्हणून सांगितलं. मलिक अंबर तिला पुस्तकातून माहीत होता, पण तो हबशी होता हे तिच्या लक्षात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मग त्या मावशीला सांगा ना."

आम्ही सांगितलं. गटाच्या बैठकीत ठरावही लिहिला, की मुलगी पाहताना, सून आणताना, चारचौघीत बोलताना रंगावरून बोलायचं नाही, आणि कोणी बोललं तर तिथेच अडवायचं. तुमच्या गटातही हा विषय काढा. आधी एक गाणं म्हणा, मग बोला.