कणकेची गोळी आणि विमानाचं नाक

कळंबा म्हटलं की बाहेरगावच्या मैत्रिणींना दोनच गोष्टी आठवतात, एक तलाव आणि दुसरा तुरुंग. ‘म्हणजे तुम्ही जेलजवळ राहता होय?’ हा प्रश्न मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. ते असो. गेल्या हिवाळ्यापासून आमच्या घरात मात्र तिसरंच वेड शिरलं आहे, आणि ते विमानाचं आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीनं झाली. नवा मिक्सर आला, त्याच्या खोक्यातला थर्माकोल मी नेहमीप्रमाणे कचऱ्याच्या गाडीत टाकून दिला. नववीतली लेक शाळेतून आली, खोकं रिकामं बघितलं आणि रडायलाच लागली. ‘आई, विमानासाठी ठेवलेला मी तो!’ मी म्हटलं, कसलं विमान? तेव्हा कुठे उलगडा झाला.

आमच्या भागात दोन गृहस्थ आहेत. एक बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे. पॅटर्न करणाऱ्याचा हात म्हणजे कोल्हापुरात काही विचारू नका, केसाचाही फरक चालत नाही. या दोघांना विमानं बनवून उडवायचा छंद. रविवारी सकाळी ते मोकळ्या मैदानावर जातात आणि जमतील त्या मुलांना शिकवतात. फी नाही, पाटी नाही. पेपरात नाव यावं अशी हौसही नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. आठ-नऊ मुलं येतात, त्यांत तीन मुली.

मुली म्हटल्यावर मी एका रविवारी शेंगदाण्याचे लाडू डब्यात घालून स्वतःच गेले. खरं सांगते, लाडवाचं निमित्त होतं, बघायचं होतं माणसं कशी आहेत ते. गेले आणि तासभर उभीच राहिले. हिवाळ्यातली सकाळ, वारा पडलेला, कळंब्याच्या बाजूला धुकं. बँकवाल्या काकांनी रिमोटचं विमान वर चढवलं, गोल फिरवलं, उलटं केलं आणि पाखरू बसावं तसं अलगद खाली आणलं. माझ्या तोंडातून ‘अगंबाई’ निघालं, तशी पोरं हसली.

पण गंमत ते विमान बघण्यात नाही, स्वतः बनवण्यात आहे. मुलांना आधी रिमोट मिळतच नाही. थर्माकोलचं हातानं फेकायचं ग्लायडर करायचं, त्याला ना मोटर ना बॅटरी. पंख दोन बोटांवर तोलून बघायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बोटं ठेवली की विमान आडवं राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर नाकाला वजन लावायचं. शेपूट जड राहिली तर फेकल्यावर विमान नाक वर करतं, त्याचा वेग मरतो, पंखाला हवेचा आधार राहत नाही आणि ते धप्पकन पडतं. नाक फार जड झालं तर सरळ जमिनीत घुसतं. भाकरी परतताना हाताला जसा तोल कळतो ना, तसंच आहे हे.

आता कणकेची गोष्ट. लेकीनं घरी विमान केलं, नाकाला वजन हवं म्हणून माझ्या परातीतली कणीक घेऊन गोळी लावली. संध्याकाळी गच्चीवरून फेकलं तर काय सुरेख गेलं! दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान, तोच हात, पण दर वेळी नाक वर करून धप्प. पंख तपासला, शेपूट तपासली, काही वाकलेलं नव्हतं. पोरगी अगदी रडकुंडीला आली. सासूबाई कट्ट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. ‘पोरीच्या जातीला काय करायचीत इमानं?’ हे रोजचंच. पण त्या दिवशी त्यांनीच मान वर न करता विचारलं, ‘कणीक वाळली न्हवं का गं रातीत? हलकी झाली असणार.’ बघते तर गोळीला भेगा पडलेल्या, पाणी उडून गेलेलं. कणकेच्या जागी रुपयाचं नाणं चिकटवलं, पुढे-मागे सरकवून तोल धरला, आणि विमान शेजारच्यांच्या पेरूपर्यंत गेलं. सासूबाई म्हणाल्या, ‘माझा रुपाया परत आणा म्हंजे झालं.’

हा छंद काही आमच्याच गल्लीतला नाही. पुण्यात तो चांगलाच रुजलेला आहे. सदानंद काळे यांनी किती तरी वर्षं शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर छोटी विमानं उडवून मुलांना दाखवली आहेत. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथलं माणूस बसण्याचं बिनइंजिनाचं विमान विंचच्या तारेनं वर ओढून सोडतात. आणि अमोल यादवांचं नाव तर पुष्कळजणींनी ऐकलं असेल. मूळचे सातारा जिल्ह्यातले हे वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरंखुरं विमान बांधलं. २०१६ साली प्रदर्शनात न्यायचं तर ते गच्चीवरून क्रेननं उतरवावं लागलं! गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या शेजारणींचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

कोल्हापूरला विमानाचं अप्रूप तसं जुनंच. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. पण आमच्यासारख्या घरांत विमान म्हणजे मान वर करून बघायची वस्तू, आणि त्यात बसलेली बाई म्हणजे हवाई सुंदरी, एवढंच डोक्यात बसलेलं.

लेकीनं मैदानावरून एक नाव घरी आणलं, सरला ठकराल. १९३६ साली, एकवीस वर्षांच्या असताना, साडी नेसून या बाईंनी जिप्सी मॉथ नावाचं विमान एकटीनं उडवलं. तेव्हा त्यांना चार वर्षांची मुलगी होती! पुढे १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती विमान अपघातात गेले. उडणं सुटलं, पण बाई खचल्या नाहीत. चित्रकला शिकल्या, साड्यांवर रंगकाम आणि दागिन्यांचा व्यवसाय करून उभ्या राहिल्या. हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई शेंगा सोलायच्या थांबल्या. ‘चार वर्साचं पोर?’ एवढंच म्हणाल्या.

आपल्या मराठी बायकाही मागे नाहीत. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कोलकात्याहून सिलचरला फॉकर विमान नेलं, तेव्हा विमानात चालक म्हणून सगळ्या बायकाच होत्या. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली. आणि आज आपल्या देशात शंभर वैमानिकांत सुमारे पंधरा बायका आहेत. जगात हे प्रमाण पाचाच्या आसपास आहे म्हणे. हा आकडा मी घरात तीनदा ऐकवला.

पण इथेच खरी अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढायचा तर वय अठरा हवं, दोनशे तासांचं उड्डाण हवं आणि खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं छोटं दुकान. एवढे पैसे आम्ही पाहिलेलेही नाहीत. दीर आले होते तेव्हा स्पष्टच म्हणाले, ‘वहिनी, पोरीला उगाच आशा लावू नका.’ रात्री मलाही तेच वाटलं. त्या काकांनी मुलांना हे का दाखवावं? ज्या दुकानात जायची ऐपत नाही त्याची काच पुसत कशाला उभं राहायचं?

पुढच्या रविवारी मी बँकवाल्या काकांना हेच विचारलं. ते म्हणाले, ‘बाई, मलाही वैमानिक व्हायचं होतं. झालो नाही. पण हिच्या वयात मला कुणी पंख तोलायलासुद्धा शिकवलं नव्हतं.’ मग म्हणाले, पैशाचं पुढे बघा, आत्ता फक्त गणित सुटू देऊ नका. परवान्याला बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं. ही अट काढायचा विचार असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या, म्हणून त्या वेळचा नियम विचारून घ्यावाच. पण विमान बांधायचं, दुरुस्त करायचं किंवा हवामान सांगायचं म्हटलं तरी गणित लागतंच. नेमकं तेच आमच्या लेकीचं कच्चं. नववीच्या सहामाहीला पस्तीस!

ज्यांच्या मुलांना हा नाद लागेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगते, कारण मी त्या पस्तावून शिकले. थर्माकोलला पांढरा फेव्हिकॉलच लावावा, पंक्चरचं सोल्यूशन लावलं की थर्माकोल विरघळून भोकं पडतात. थर्माकोलचा चुरा मिसरीसारखा घरभर होतो, तेव्हा कापणं अंगणातच. मोटरचं विमान आलं तर फिरत्या पंख्यापुढे बोट न्यायचं नाही, लागलं तर सुरीसारखं लागतं. त्याची लिथियमची बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपू नये, पेट घेते. आणि रिमोटचं विमान उडवण्याआधी सरकारचा नकाशा पाहावा. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाजवळच्या भागाला बंधनं आहेत आणि उजळाईवाडी आपल्यापासून काही लांब नाही. आमचे काका त्या बाबतीत फार कडक, मैदान निवडायलाच त्यांनी महिना घालवला.

आमची बायकांची भिशी आहे. या महिन्यात माझा नंबर लागला. लेकीच्या पाटल्यांसाठी म्हणून तीन वर्षं त्या पैशांवर डोळा ठेवला होता. मंगळवारी मी ते घेऊन सराफकट्ट्याकडे निघाले, आणि वाटेत रिक्षा फिरवून गणिताच्या क्लासची वर्षाची फी भरून आले. उरलेले पोस्टात टाकले.

घरी कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री सासूबाईंनी पावती बघितली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग दिवा मालवताना म्हणाल्या, ‘रविवारी मलाबी न्या तिकडं. माझा रुपाया कुठवर जातोय बघू.’