बाहेरच्या सीएंना आत कसं घ्यायचं?

आजचा विषय छोटा आहे, पण थेट तुमच्या हिशेबांशी जोडलेला.

समजा, कंपनीचे हिशेब मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स 365 वर आहेत आणि बाहेरच्या सीएंना ते ऑडिटसाठी बघायचेत. सोपं काय वाटतं? अकाउंटंटचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचा. मी म्हणेन, हे अजिबात करू नका. उद्या एखादी नोंद बदललेली दिसली, तर नाव अकाउंटंटचंच येणार. बदल खरं कुणी केला, हे कसं शोधणार?

त्यापेक्षा एन्ट्रा आयडीमधून (2023 पर्यंत याचंच नाव अझूर एडी होतं) सीएंच्या ईमेलवर ‘गेस्ट’ म्हणून आमंत्रण पाठवा. ते स्वतःच्याच खात्याने लॉगिन करतात. त्यांचा पासवर्ड सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

पण आमंत्रण स्वीकारलं की लगेच हिशेब दिसतात, असं नाही. गेस्ट झाला म्हणजे माणूस फक्त फाटकाच्या आत आला. पुढे लायसन्स लागतं आणि सॉफ्टवेअरमध्ये रोलही द्यावा लागतो. तो कामापुरताच द्या. नुसतं बघायचं असेल, तर फक्त बघण्याचा. शिवाय एमएफए, म्हणजे लॉगिन करताना मोबाइलवरून होणारी दुसरी खातरजमा, सक्तीची करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ऑडिट संपलं म्हणून गेस्ट खातं आपोआप बंद होत नाही. आमंत्रण पाठवतानाच ते काढायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. घाईत चुकीचं खातं काढलं गेलंच, तर 30 दिवसांच्या आत परत आणता येतं. तेव्हा काढायला घाबरू नका!